वीणा कोण घेणार? (गीता, अध्याय ३, श्लोक २० ते २६)



काल आपण तिसऱ्या अध्यायातल्या एकोणिसाव्या श्लोकापाशी थांबलो होतो. आज एकदम सात श्लोक घेतोय, कारण ते एकाच दमात वाचावे लागतात. मधेच तोडले तर त्यातला एकविसावा श्लोक एकटाच हातात राहतो, आणि त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तो फ्लेक्सवर जातो. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे बाकीचे वागतात, असा त्याचा साधारण आशय. खाली कुणाचा तरी वाढदिवस, वर गॉगल लावलेले दोन-चार फोटो.

हे श्लोक मी गेल्या वर्षापर्यंत असेच वर मान करून वाचत होतो. श्रेष्ठ म्हणजे पुढारी, सीईओ, फार तर एखादे महाराज. आपला नंबर 'बाकीच्यां'त. आपण फक्त बघायचं आणि ते चुकले की नावं ठेवायची. सोयीची जागा आहे ही.

मग कार्तिकात आमच्या ग्रुपवर एक मेसेज आला.

आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ज्ञानेश्वरीचं वाचन असतं. क्लबहाउसच्या मागे एक खोली आहे, जिथे गणपतीचं मखर, तुटलेलं टेबल टेनिसचं टेबल आणि सतरंज्या ठेवतात, तिथे. दहा-बारा माणसं. हे सगळं आठ वर्षं एक काका चालवत होते. खोलीची किल्ली त्यांच्याकडे, सतरंजी तेच घालणार, मागच्या वेळी कुठे थांबलो ती खूण त्यांच्याच पोथीत, प्रसादाचे खडीसाखर-शेंगदाणेसुद्धा त्यांच्याच पिशवीत. मेसेज असा होता की गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यानंतर मुलीकडे नाशिकला राहायला जाणार, तरी पुढच्या महिन्यापासून वाचनाची जबाबदारी कुणीतरी घ्यावी.

ग्रुपवर ४३ जण. पहिल्या तासात वीस-पंचवीस हात जोडलेले इमोजी आले. 'काका, तब्येतीची काळजी घ्या.' 'तुमच्यासारखं कुणालाच जमणार नाही.' 'खूप मिस करू.' मीही हात जोडले. 'मी घेतो' असं कुणी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाणीकपातीची नोटीस टाकली आणि काकांचा मेसेज वर सरकून गेला.

आता श्लोकांकडे येऊ. प्रसंग लक्षात आहे ना? तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन वैतागून विचारतो, तुझ्या मते बुद्धीच जर कर्मापेक्षा मोठी, तर मला या घोर कामात का ढकलतोस? कृष्ण त्याला कर्म का करावं याची एकेक कारणं देत जातो. यज्ञाचं चक्र सांगून झालं, आसक्ती सोडून कर्म करणारा परमपदाला जातो हेही सांगून झालं. आणि विसाव्या श्लोकात अचानक नवंच कारण येतं. जनक वगैरे लोकांना कर्मानेच सिद्धी मिळाली हे खरं, पण ते बाजूला ठेव, लोकसंग्रहाकडे नुसतं पाहिलंस तरी तुला कर्म करावंच लागेल.

उदाहरण कुणाचं दिलंय पाहा. जनकाचं. वनात बसलेल्या ऋषीचं नाही. राजवाडा, कर, न्यायनिवाडे, मुलींची लग्नं, हे सगळं अंगावर असलेल्या माणसाचं. 'मला सध्या खूप लोड आहे' हे कारण इथे चालत नाही, कारण ज्याचं नाव घेतलंय त्याच्यावर आपल्यापेक्षा जास्त लोड होता.

लोकसंग्रह या शब्दाचा आपण आज भलताच अर्थ करतो. 'त्यांचा लोकसंग्रह मोठा आहे' म्हणजे फोनमध्ये नंबर पुष्कळ आहेत. शंकराचार्यांनी गीताभाष्यात याचा अर्थ दिलाय तो असा की लोकांची आडवाटेला जाण्याची ओढ थांबवणं. संग्रह म्हणजे सांडू न देणं, एकत्र धरून ठेवणं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापून आलेल्या गीतारहस्यात याच शब्दावर मोठा भर दिला. ज्ञान झालेल्या माणसानेही कर्म का सोडू नये, याचं त्यांचं एक मुख्य उत्तर लोकसंग्रह हेच आहे.

आणि मग एकविसावा. यातला 'श्रेष्ठ' हा शब्द मला पुष्कळ दिवस अडला. मी श्रेष्ठ आहे असं कोण स्वतःहून म्हणेल? पण श्लोक नीट पाहिला तर स्वतःला श्रेष्ठ समजा असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. लोक कुणाकडे तरी बघून वागतात एवढीच वस्तुस्थिती सांगितली आहे. ते कुणाकडे बघतील हे तुमच्या हातात नसतं. लिफ्टमध्ये तुम्ही आणि चौथीतला एक मुलगा असाल तर वॉचमनकाकांशी कसं बोलायचं हे तो त्या क्षणी तुमच्याकडे बघून शिकत असतो. टीममध्ये नवीन आलेली मुलगी तुमचे कोड रिव्ह्यू वाचून ठरवते की इथे चूक कबूल करणं सुरक्षित आहे की नाही. तुमच्या हुद्द्याशी याचा काही संबंध नाही. आमच्या ग्रुपमध्ये काकांच्या मेसेजनंतर मी हात जोडून गप्प बसलो, तेव्हा माझ्याकडे बघून आणखी दोघं तसेच गप्प बसले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. 'तू नियमित येतोस, तूच घेतलं नाहीस म्हटल्यावर आम्ही कशाला...' म्हणजे मी पुढे नव्हतो असं नाही. मी पुढेच होतो, फक्त उलट्या दिशेने तोंड करून.

गप्प का बसलो? तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण फार सात्त्विक होतं. माझा अभ्यास नाही, मी कोण लागून गेलो, काकांच्या जागी बसायची माझी लायकी नाही. दुसऱ्या अध्यायात अर्जुनही असंच म्हणतो. गुरूंना मारून राज्य भोगण्यापेक्षा भीक मागून खाल्लेलं बरं, हे त्याचं म्हणणं ऐकायला किती नम्र आहे! आणि त्याआधीच कृष्णाने त्याच्या हातपाय गाळण्याला जो शब्द वापरलाय तो इतका कडक आहे की घरात लहान मुलांसमोर अर्थ सांगताना आपण अडखळतो. बाहेरून विनय दिसत होता, आतून कृष्णाला वेगळंच दिसत होतं. माझ्या बाबतीत आत काय होतं ते सांगतो. गुरुवारी संध्याकाळी रिलीज कॉल असतो, तो चुकवावा लागेल ही एक भीती. आणि दुसरी, जास्त खरी. मी घेतलं आणि बंद पडलं, तर 'याच्यामुळे बंद पडलं' असं होईल. कुणीच घेतलं नाही आणि बंद पडलं तर दोष कुणाचाच नाही.

पुढचे तीन श्लोक, बावीस ते चोवीस, मला या अध्यायातले सगळ्यात जवळचे वाटतात, कारण तिथे कृष्ण तत्त्व सोडून स्वतःबद्दल बोलायला लागतो. तिन्ही लोकांत मला करायचं राहिलंय असं काही नाही, मिळवायचं राहिलंय असंही काही नाही, तरी मी कामात आहेच. मी आळसावलो तर माणसं माझ्याच वाटेने येतील आणि सगळं विस्कटेल. आणि हे तो कुठून बोलतोय? सारथ्याच्या जागेवरून. हातात घोड्यांचे लगाम आहेत. ज्याला काहीच नको तो या कुरुक्षेत्रावर घोडे हाकतोय. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात कामं वाटली गेली तेव्हाही कृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचं काम घेतलं, असं सभापर्वात आहे. त्याच यज्ञात पुढे त्याची अग्रपूजा होते. माझ्या डोक्यात नेतृत्वाचा क्रम नेमका उलटा होता, आधी पूजा, जमलं तर पाय.

बरं. मग मी जबाबदारी घेतली. पंधरा दिवसांनी, काकांना नाशिकला निघायला चार दिवस असताना त्यांच्या घरी गेलो आणि किल्ली मागितली. त्यांनी काही विचारलं नाही. पाकिटातून किल्ली काढून दिली, आणि खडीसाखर कुठल्या दुकानातून आणतात ते सांगितलं.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. यानंतरचे अडीच महिने मी जे केलं त्यासाठी हा लेख लिहितोय.

मी इंजिनिअर आहे. मी ते हातात घेतलं तसं कुठलंही काम हातात घेतो तसं घेतलं. नव्याने पहिल्या अध्यायापासून सुरुवात करायची ठरली होती. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर. दोन वर्षांत पूर्ण करायचं म्हटलं तर १०४ गुरुवार, म्हणजे दर गुरुवारी साधारण ८७ ओव्या. गूगल शीट केलं. साडेसात म्हणजे साडेसात. एक जण वाचणार, एक जण अर्थ सांगणार, चर्चा शेवटी दहा मिनिटं. हजेरीचा कॉलम. सगळं हिरवंगार दिसायला लागलं. पहिला अध्याय, २७५ ओव्या, चार गुरुवारांच्या आत संपला. मी ग्रुपवर प्रोग्रेस बार टाकला. टाळ्यांचे इमोजी आले.

आमच्यात एक आजी येतात. वय ऐंशीच्या आसपास. त्या ओळीखाली बोट धरून वाचतात. एक ओवी वाचून झाली की थांबतात, चष्मा सारखा करतात, कधी कधी तीच ओवी परत वाचतात. काकांच्या काळात दर गुरुवारच्या पहिल्या पाच ओव्या त्यांच्याच असायच्या. त्याला पंधरा मिनिटं लागायची. माझ्या शीटमध्ये पंधरा मिनिटांत वीसेक ओव्या बसत होत्या. तिसऱ्या गुरुवारी मी त्यांना अत्यंत आदराने म्हटलं, 'आजी, तुम्हाला त्रास नको, आज मी वाचतो, तुम्ही ऐका.' त्या 'बरं बाळा' म्हणाल्या. पाचव्या-सहाव्या गुरुवारनंतर त्या यायच्या बंद झाल्या. सुनेने सांगितलं, थंडीमुळे बाहेर पडत नाहीत. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. आणखी तीन माणसं कमी झाली. कुणी भांडलं नाही, कुणी ग्रुप सोडला नाही, शीटमध्ये रिकामे चौकोन तेवढे वाढले.

दहाव्या गुरुवारी आम्ही पाच जण होतो आणि तिसऱ्या अध्यायात याच श्लोकांवर आलो. मोठ्याने मीच वाचत होतो. ज्ञानेश्वर माउलींनी इथे जो दृष्टान्त दिलाय तो तुम्ही तुमच्या पोथीत काढून पाहा, दीडशेच्या पुढच्या ओव्यांत आहे. रस्त्याने आंधळा चाललाय आणि त्याला वाट दाखवायला पुढे डोळस माणूस आहे. तो डोळस कसा चालतो? आंधळ्यासारखा, त्याच्या चालीने. जाणत्याने नेणत्यांना धर्म दाखवायचा तो असा, स्वतः आचरून.

वाचलं आणि अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर शब्द फुटेना. डोळसाला भराभर चालता येत नाही असं नाही. त्याला येतं. तो भराभर चालला तर लवकर पोचेलही. पण एकटा पोचेल, आणि मग तो वाटाड्या कसला?

तो गुरुवार आम्ही तिथेच थांबवला. ८७ मधल्या वीस-बावीसच झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आजींकडे गेलो. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, पण त्यांनी चहा टाकायला सांगून तो विषयच बाजूला सारला. बोलता बोलता कळलं की त्या घरी रोज दुपारी वाचतच होत्या. शिवाय लहानपणी वडिलांच्या मागे बसून ऐकलेल्या कितीतरी ओव्या त्यांना पाठ आहेत. मी चौथ्या इयत्तेतला मुलगा पाढे म्हणतो तसं वाचतो हेही त्यांनी हसत हसत सांगून टाकलं. मग म्हणाल्या, 'मला आधी फोन करून सांग कुठल्या ओव्या माझ्या. मी दुपारी दोनदा वाचून ठेवते, मग अडखळायला होत नाही.' एवढंच. एका फोनचं काम होतं.

म्हणून सव्विसावा श्लोक वाचताना मला आता भीती वाटते. हा श्लोक आजच्या पिढीला खटकणारा आहे, तेही बोलू. जाणत्याने कर्मात गुंतलेल्या नेणत्यांचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट आचरण करत त्यांच्याकडून कर्म करवून घ्यावं, असा आशय. कुणी विचारेल, म्हणजे अडाण्याला अडाणीच राहू द्या असं म्हणतोय का कृष्ण? मला तसं वाटत नाही. शिकवू नका असं इथे म्हटलेलं नाही, मोडून टाकू नका असं म्हटलंय. माउलींचा दृष्टान्त तान्ह्या मुलाचा आहे. जे अजून कसंबसं दूध पितं त्याला पक्वान्न कसं चारणार? मूल मोठं होणारच आहे आणि पक्वान्नही खाणारच आहे, आज ते त्याच्या घशात कोंबायचं नाही इतकंच.

पण माझी चूक त्याच्याही आधीची होती. जाणता कोण आणि नेणता कोण हे मीच ठरवून टाकलं होतं. ज्याला शीट बनवता येतं तो जाणता, बोट धरून वाचणारी नेणती. खरं म्हणजे त्या खोलीत तान्हं मूल कोण होतं हे माझ्याशिवाय सगळ्यांना दिसत होतं.

सध्या वारी चालू आहे, गेल्याच आठवड्यात पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या, म्हणून हे लिहिताना डोळ्यांपुढे तेच येतंय. इतकी माणसं इतकी वर्षं रस्त्याने नीट चालतात हे कसं, असं दर वर्षी ऑफिसात कुणीतरी विचारतं. माउलींच्या पालखीला आजचं शिस्तीचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. हे मूळचे सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. लष्करातला माणूस. त्याने दिंड्यांना क्रम लावून दिला. आजही रथापुढे २७ दिंड्या ठरलेल्या नंबरांनी चालतात, बाकीच्या रथामागे. प्रत्येक दिंडीत पताका, टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती संध्याकाळची समाजआरती. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतो आणि सगळं शांत होतं, अगदी एका क्षणात. त्या शांततेत एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवणं थांबवत नाही. अख्ख्या तळावर तेवढाच एक आवाज. चोपदार चालत तिथे जातो, काय झालंय ते ऐकून घेतो, तोड काढली जाते, मग ते टाळ थांबतात. दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू सांगितल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

विचार करा. आधी तक्रार, मग आरती. आणि ती तक्रार सगळ्यांना ऐकू जाईल अशीच सोय करून ठेवलेली. आपल्याकडे, म्हणजे सोसायट्यांत, भजनी मंडळांत, कॉलेजच्या गणेशोत्सवात, नाराज माणूस टाळ वाजवत नाही. तो हळूच यायचा बंद होतो आणि आपण म्हणतो, थंडी आहे.

आम्ही गुरुवारच्या शेवटी पाच मिनिटं ठेवली. आम्ही त्यांना 'टाळ' म्हणतो. कुणाला काही म्हणायचं असेल तर त्याने ते तेव्हाच म्हणायचं, आणि त्यावर मी उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी पंख्याच्या आवाजाची तक्रार आली. तिसऱ्या वेळी एक ताई म्हणाल्या, 'आठ वर्षं झाली, चहाचे कप प्रत्येक वेळी आम्ही बायकाच का विसळतो?' खोलीत अशी शांतता झाली की चोपदाराने चोप उचललाय की काय. आम्ही पुरुष तिथे बसून समदृष्टीवर तास-तास बोलत होतो, आणि मागच्या नळावर कप विसळले जात होते. त्या दिवशी कप मी धुतले, पुढच्या वेळेपासून ज्याची अर्थ सांगायची पाळी त्याचीच कपांची पाळी. यावरही दोघं नाराज झाले, हेही सांगून टाकतो. एक अजून नाराज आहेत. येतात मात्र.

आता पंचविसाव्या श्लोकाबद्दल, कारण तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. तिथे म्हटलंय की नेणता ज्या तडफेने आसक्तीने काम करतो, त्याच तडफेने जाणत्याने आसक्तीशिवाय करावं. म्हणजे बाहेरून दोघं सारखेच दिसणार. दोघंही सतरंजी घालणार, दोघंही वेळेवर येणार. फरक आतला, त्यामुळे दुसऱ्याला दिसत नाही आणि आपल्यालाही सहसा दिसत नाही.

मला माझी आसक्ती दिसली ती ज्येष्ठात. एका गुरुवारी खरंच प्रॉडक्शनला आग लागली होती, जाता येणं शक्य नव्हतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आमच्याकडे येते, तिला फोन केला, किल्ली घरून घेऊन जा म्हटलं. रात्री अकराला ग्रुप उघडला तर फोटो. खोली भरलेली. तिने आपल्या चार मैत्रिणी आणल्या होत्या, एकीने पेटी आणली होती, शेवटी सगळ्यांनी मिळून हरिपाठ म्हटला होता. आजींचा लिहिलेला मेसेज, 'आज फार आनंद झाला.' मी हात जोडलेला इमोजी टाकला. आणि पोटात जे झालं त्याला मराठीत मत्सर म्हणतात, दुसरा चांगला शब्द मला सापडला नाही. 'आपलं' काम दुसऱ्याने बरं केलं तर काय वाटतं, ही तपासणी मी तेव्हापासून करतो. अजून पास झालेलो नाही.

समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात महंत कसा असावा ते सांगितलंय. त्यात एक अपेक्षा अशी आहे की महंताने आपल्यासारखे आणखी महंत तयार करावेत, त्यांना युक्ती-बुद्धी द्यावी आणि ठिकठिकाणी पाठवून द्यावं. पाठवून द्यावं हे महत्त्वाचं. आमच्या क्षेत्रात याला वेगळं नाव आहे. एक माणूस उद्या आला नाही तर किती काम अडेल, असं आम्ही विचारतो, आणि उत्तर 'सगळं' असेल तर तो त्या माणसाचा मोठेपणा धरत नाही, सिस्टीममधला दोष धरतो. काकांनी आठ वर्षं इतकं मनापासून केलं की आम्हाला हात लावावाच लागला नाही. दोष त्यांना देणार नाही मी. आठ वर्षांत 'काका, आज सतरंजी मी घालतो' एवढं म्हणायला आमच्यापैकी कुणाचं तोंड धरलं नव्हतं.

लहानपणी मामाच्या गावाला सप्ताह असायचा. सात दिवस अखंड नामस्मरण, आणि ते सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारे लावलेले असायचे, दोन-दोन तासांचे. रात्री दोनचा पहारा एका वर्षी मामाकडे होता, मी हट्टाने बरोबर गेलो. देवळात एक जण वीणा गळ्यात घेऊन उभा, डोळे अर्धे मिटलेले. मामा गेला, त्याने त्याच्या गळ्यातली वीणा हळूच आपल्या गळ्यात घेतली, तार थांबली नाही. मग दोघं एकमेकांच्या पाया पडले. देणारा घेणाऱ्याच्या, घेणारा देणाऱ्याच्या. तो माणूस मामापेक्षा वीस वर्षांनी मोठा होता. नंतर तो घोंगडी ओढून तिथेच खांबाला टेकून झोपला.

आमचा गुरुवार आता असा चालतो. दर महिन्याला किल्ली बदलते. आषाढ त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा, श्रावण एका बँकेतल्या दादांचा, ज्यांनी सहा महिने तोंड उघडलं नव्हतं. शीट अजून आहे, हजेरीचा कॉलम काढला, फोनचा कॉलम घातला, कुणाला कुठल्या ओव्या आधी सांगायच्या त्याचा. वेग पंचवीस-तीस ओव्यांवर आलाय. दोन वर्षांत संपणार नाही. काका नाशिकहून व्हिडिओ कॉलवर येतात, म्यूट करायला दर वेळी विसरतात, अर्थ चालू असताना त्यांच्या मुलीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

तुमचाही असा एखादा ग्रुप असेलच. हॉस्टेलच्या मजल्यावरची आरती, ऑफिसातलं भजन, चुलत भावंडांचा ग्रुप, जिथे 'या वर्षी कुलदैवताला कधी जायचं' हा मेसेज दर वर्षी कुणाच्याच उत्तराविना पडून असतो. आज तो ग्रुप उघडून पाहा, शेवटचा न उत्तरलेला प्रश्न कुठला आहे ते. मोठं काही घ्यायची गरज नाही, सतरंजीपासून सुरुवात होते. आणि घेतलंत तर पहिल्या महिन्यातच दुसऱ्या कुणाला तरी किल्ली कुठे असते ते सांगून ठेवा.

या गुरुवारी आमचा सहावा अध्याय सुरू होतोय. माउलींनी मराठीचं कौतुक केलंय ते याच अध्यायाच्या सुरुवातीला येतं. पहिल्या पाच ओव्या आजींच्या. फोन मी आत्ताच केला, त्या म्हणाल्या, 'त्या तर मला पाठ आहेत, पुढच्या पाच दे.'

उद्या सत्ताविसावा श्लोक, 'मी केलं' असं कोण म्हणतं त्यावर. रामकृष्ण हरी.